डीव्हीडीतली छोटी खिडकी दरवेळी बिघडतेय? पीआयपीचे (पिक्चर-इन-पिक्चर, म्हणजे मोठ्या चित्रातल्या छोट्या चित्राचे) घोळ आणि त्यावरचे इलाज

गुरुजींचा फोन सकाळी सातच्या आत आला की मी समजून जातो, डिस्क बघून झालीय आणि काहीतरी बिघडलंय. यावेळी नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट "अरे, डग्गा उशिरा पडायलाय बघ" एवढंच म्हणाले आणि ठेवला फोन. डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा. ही चौथी खेप. पहिल्या डिस्कला खिडकी टीव्हीच्या कडेला कापली गेली होती, दुसरीत तबला भाकरीसारखा आडवा पसरलेला दिसत होता, तिसरीत बोटं थरथरत होती, आणि आता हे. एक दुरुस्त केलं की दुसरं वर येतं, आणि गंमत अशी की सहा महिन्यांनी दुसरं काम आलं की तेच सगळं पहिल्यापासून परत, कारण मागच्या वेळी काय केलेलं ते आठवत नसतंय. म्हणून आता एकदाचं सगळं लिहूनच टाकतो, माझ्यासाठी पण आणि जो कोणी यात अडकलाय त्याच्यासाठी पण.

थोडं मागचं सांगतो म्हणजे काम काय होतं ते कळेल. माझा सांगलीत विश्रामबागला छोटा स्टुडिओ आहे, लग्नं, बारशी, गॅदरिंग, जे येईल ते. गुरुजी मिरजेचे, तबला शिकवतात. त्यांना आपले धडे डिस्कवर पाहिजेत, म्हणजे मोठ्या चित्रात ते समोरून बसलेले आणि कोपऱ्यात छोट्या खिडकीत वरून घेतलेले फक्त दोन हात. आजच्या काळात डीव्हीडी कशाला असं सगळेच विचारतात, मीही विचारलं होतं. पण २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा माझं दुकान मारुती चौकाजवळ होतं आणि दोन हार्ड डिस्क चिखलात गेल्या त्या गेल्याच. त्याच कपाटातल्या डीव्हीडी साध्या पाण्यानं धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि बऱ्याचशा चालल्या. गुरुजींनी हे ऐकलंय. शिवाय त्यांचे निम्मे विद्यार्थी आसपासच्या गावांतले, घरात जुना प्लेअर आहेच, नेटची रेंज मात्र गच्चीवर गेल्याशिवाय येत नाही. तर डीव्हीडीच.

आता कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी एक तपासणी करा, दोन मिनिटांची आहे आणि माझा एक अख्खा दिवस वाचला असता. डिस्क लावा, एक सावकाश ठेका काढा आणि आधी फक्त मोठ्या चित्राकडं बघा, मग फक्त खिडकीकडं. मोठं चित्र आवाजाशी जुळतंय आणि खिडकीच तेवढी मागं किंवा पुढं आहे, तर घोळ एडिटिंगमधला, म्हणजे आपला. दोन्ही सारखेच चुकत असतील तर एडिटिंगला हात लावू नका, घोळ डिस्कच्या ऑथरिंगमधला (म्हणजे तयार व्हिडिओ मेनू लावून डिस्कवर मांडण्यातला) नाहीतर बघणाऱ्याच्या घरातला. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे एक गैरसमज. डीव्हीडीत पिक्चर-इन-पिक्चर नावाची सोयच नाही. बरेच जण ऑथरिंग सॉफ्टवेअरच्या मेनूत ते शोधत बसतात, मीही एक संध्याकाळ घालवली होती. डीव्हीडी प्लेअरमध्ये एका वेळी एकच व्हिडिओ उलगडला जातो. त्याच्यावर सबटायटलचा एक थर येतो पण तो चार रंगांचा, त्याच्यात हलतं चित्र बसत नाही. त्यामुळं खिडकी ही एन्कोड करायच्या, म्हणजे व्हिडिओ डीव्हीडीसाठी दाबून घ्यायच्या आधीच, एडिटिंगमध्ये, चित्रातच बसवून टाकायची. एकदा बसवली की ती प्लेअरला वेगळी दिसतच नाही, त्याच्या लेखी ते एकच चित्र. ऑथरिंगवाल्या सॉफ्टवेअरला दोष देणं बंद करा, त्या बिचाऱ्याला खिडकीचा पत्ताच नसतो.

"खिडकीतला हात उशिरा पडतोय"

सगळ्यात जास्त डोकं यानंच खाल्लं, म्हणून याच्यावरच जास्त लिहितो.

लग्नाच्या व्हिडिओत एक-दोन फ्रेम इकडं-तिकडं झाल्या तर कुणाच्या बापाला कळत नाही. तबल्याला कळतात. साधा हिशोब बघा. मिनिटाला १८० मात्रांची लय आणि मात्रेला चार अक्षरं धरली तर सेकंदाला १२ अक्षरं झाली, म्हणजे एका अक्षराला साधारण ८३ मिलिसेकंद. आपली पीएएल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम) फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे खिडकी नुसती दोन फ्रेम मागं पडली की एक अख्खं अक्षर मागं पडलं. तिरकिट वाजतंय, कानाला "कि" ऐकू येतंय आणि बोटं अजून "र" वर आहेत. "कि" डग्ग्याचा, त्यामुळं गुरुजींना डग्गाच उशिरा पडल्यासारखा दिसणार की. त्यांचं बरोबर होतं, मीच आधी म्हटलं होतं की गुरुजी, तुमचा टीव्ही जुना झालाय.

उशीर तीन प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा, हे ओळखलं की निम्मं काम झालं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी कुठलीतरी एकेक ठळक थाप शोधा, सम (तालाची पहिली मात्रा) असली तर उत्तम, आणि तिन्ही ठिकाणी खिडकी किती फ्रेम चुकतेय ते कागदावर लिहा.

तिन्हीकडं आकडा सारखाच आला, समजा दोन, दोन, दोन, तर सरळ लावताना चुकलंय. यातली एक चूक अशी की ती लवकर सापडतच नाही. आपण दोन कॅमेऱ्यांचे आवाज एकमेकांवर बसवून सिंक करतो, सॉफ्टवेअरही तेच करतंय. पण आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे १४ मीटर जायला त्याला एक फ्रेम लागते. हॉलमध्ये मागच्या भिंतीला लावलेल्या कॅमेऱ्याला हात पडलेला तेव्हाच दिसतो पण थापेचा आवाज दीड फ्रेम उशिरा पोचतो. आता त्याचा उशिरा आलेला आवाज जवळच्या कॅमेऱ्याच्या आवाजावर बसवला की त्याचं चित्र आपोआप दीड फ्रेम पुढं सरकलं. सॉफ्टवेअर म्हणतंय सिंक झालं, आणि दोन्ही आवाज खरंच तंतोतंत जुळलेले असतात, चित्र नाही. म्हणून आवाजावर ढोबळ बसवा आणि शेवटचं जुळवणं डोळ्यानं करा: बोट पुडीवर (तबल्याच्या कातड्यावर) टेकलेली पहिली फ्रेम आणि वेव्हफॉर्मवरचा, म्हणजे आवाजाच्या आलेखावरचा सुळका, दोन्ही एका रेषेत. गुरुजींच्या क्लासमधलं रेकॉर्डिंग असेल तर हा प्रश्न येत नाही, खोलीच बारा बाय पंधरा फुटांची आहे.

आकडा हळूहळू वाढत गेला, शून्य, तीन, सहा असा, तर दोन यंत्रांची घड्याळं थोडी वेगळी चालतायत. प्रत्येक कॅमेऱ्यातलं घड्याळ चालवणारं क्रिस्टल किंचित पुढंमागं असतंच, लाखात पाच इतका फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद होतात, म्हणजे साडेचार फ्रेम. माझ्याकडं ५२ मिनिटांत सहा फ्रेम गेल्या होत्या. मी हुशारी करून क्लिपचा स्पीड थोडा बदलायला गेलो. पण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीडचे आकडे टक्क्याच्या दोन दशांशांपर्यंतच घेतात, आणि ०.०१ टक्का म्हणजे ५२ मिनिटांत जवळजवळ आठ फ्रेम. सहा पाहिजेत, आठ सरकतायत. अर्धा तास त्याच्यातच गेला. मग सोपं केलं: एक कायदा (तबल्यातली एक रचना) संपतो, गुरुजी पदरानं... म्हणजे उपरण्यानं घाम पुसतात, पाणी पितात, तिथं खिडकीची क्लिप कापायची आणि पुढचा तुकडा एक-दोन फ्रेम सरकवून परत जुळवायचा. ५२ मिनिटांत सात तुकडे झाले. जोड कुठंच दिसत नाही कारण त्या वेळी हात मांडीवर असतात, आणि तेवढ्यापुरती खिडकी फेड करून काढून टाकली तर अजून छान, तेवढीच डोळ्याला विश्रांती.

आणि आकडा कसाही आला, शून्य, चार, एक असा काहीही, तर खिडकी मोबाईलवर शूट केलेली असणार. मोबाईल बहुतेक वेळा फ्रेमरेट एकसारखा ठेवत नाही, उजेड कमी झाला की सेकंदाला ३० च्या जागी २४-२५ पण घेतो आणि परत वाढवतो. एडिटिंग सॉफ्टवेअर सरासरी धरून चालतं आणि मग मधेच मागं, मधेच पुढं. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याच्यात फाईल टाका, फ्रेम रेट मोडसमोर व्हेरिएबल लिहिलेलं दिसलं की चोर सापडला. अशी फाईल कधीही थेट टाइमलाइनवर (एडिटिंगच्या पट्टीवर) टाकू नका. आधी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून काढा, फ्रेमरेट ५० आणि कॉन्स्टंट फ्रेमरेटवर टिक, क्वालिटी चांगली ठेवा कारण ही मधली फाईल आहे, जागा गेली तर जाऊ दे.

शूटिंगच्या वेळीच काळजी घेतली तर यातलं काहीच करावं लागत नाही, ते वेगळं. शक्य असेल तर वरून हात घ्यायलापण सेकंदाला ५० वाला साधा हँडीकॅमच लावा. मोबाईलच असेल तर ६० वर घ्या आणि नंतर ५० करा, ३० वर नको, कारण ३० चं २५ करताना दर सहा फ्रेममधली एक उडते आणि नेमकी त्याच फ्रेमला थाप पडलेली असते. आणि शटर १/१०० ला लॉक करा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, १/१०० ला बरोबर एक फेरा पकडला जातो आणि चित्रात वरून खाली सरकणारे ते काळपट पट्टे येत नाहीत. ऑटोवर सोडलं तर येणारच.

अजून एक. मोबाईलच्या क्लिपचा आवाज म्यूट करायला विसरू नका. मी एकदा विसरलो, प्रत्येक थाप दोनदा ऐकू येत होती, गुरुजी म्हणाले "हा दुसरा कोण बसवलास माझ्या शेजारी?"

"बोटं थरथरतायत, पुढं जाऊन मागं येतायत"

कॉम्प्युटरवर बघितलं तर ठीक वाटतं, टीव्हीवर मात्र खिडकीतला हात पुढं-मागं-पुढं असा हिसके देतो. हा इंटरलेसचा घोळ. आपल्या हँडीकॅमचं १०८० आय ५० म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकदा सम ओळी, एकदा विषम, अशा एका अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. अशा चित्राला तसंच दाबून छोटं केलं की दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकांत मिसळतात आणि हलणाऱ्या बोटांच्या कडांना कंगव्यासारखे दात येतात. आणि फील्ड ऑर्डर उलटी झाली तर दुसरं अर्धं चित्र आधी दिसतं, म्हणजे हात पुढं जाऊन मागं. एव्हीसीएचडी आणि एचडीव्हीचं (एचडी हँडीकॅमच्या रेकॉर्डिंगचे प्रकार) वरचं फील्ड आधी असतं, जुन्या मिनी डीव्ही टेपांचं खालचं आधी. एका डिस्कवर गुरुजींची २००६ सालची टेप आणि नवीन शूटिंग एकत्र घेतलं होतं, तिथंच माशी शिंकली.

यावर सगळ्यात कमी त्रासाचा रस्ता म्हणजे टाइमलाइनच ५० पीची, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमची करायची. इंटरलेस क्लिप असेल ती आधी डीइंटरलेस करून ५० पूर्ण फ्रेम करून घ्यायची, एफएफएमपेग नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधला याडिफ फिल्टर हे काम करतो, पण त्याला एक फ्रेम एका फील्डमागं द्यायला सांगायचं, नाहीतर तो २५ च देतो आणि निम्मी हालचाल गेली. मग त्या ५० पीच्या टाइमलाइनवर खिडकी छोटी करायची, बसवायची, आणि सगळ्यात शेवटी डीव्हीडीसाठी काढताना इंटरलेस, अपर फील्ड फर्स्ट. असं केल्यावर प्रत्येक फील्डमध्ये २० मिलिसेकंदांनी नवीन हात दिसतो. कोणी म्हणेल सरळ २५ प्रोग्रेसिव्ह (सेकंदाला २५ पूर्ण चित्रं) काढ ना, भानगड नको. लग्नाला चालेल. पण वर हिशोब केला तसा ८३ मिलिसेकंदांत जेमतेम दोन चित्रं मिळतात, रेल्यात (भरधाव वाजणाऱ्या रचनेत) बोटं धुरकट पट्टा दिसतात. इंटरलेसला कितीही शिव्या घाला, तबल्यासाठी तोच कामाचा.

खिडकीभोवतीची चौकट एक पिक्सेलची ठेवू नका, एवढं लक्षात ठेवा. एक ओळ जाडीची आडवी रेघ एकाच फील्डमध्ये येते आणि सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. चार पिक्सेल ठेवा, पांढरीफटक नको, करडी.

"तबला पसरट दिसतोय"

डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ असतं पण टीव्हीवर ते १६:९ ला ताणलं जातं, म्हणजे त्याचे पिक्सेल चौकोनी नसतात, आडवे असतात. आपण कॅल्क्युलेटरवर १६:९ काढून खिडकी २४० बाय १३५ करतो आणि टीव्हीवर ती दाबलेली येते. मी तबल्यावरच्या शाईकडं बघतो, काळा गोल गोल दिसला पाहिजे, जिलेबीच्या घाण्यासारखा लांबुळका दिसला की समजायचं आकार चुकला. नियम एकच, रुंदी आणि उंची एकाच पटीत कमी करायची. तिसरा हिस्सा पाहिजे तर ७२० चे २४० आणि ५७६ चे १९२. कॉम्प्युटरवर ती खिडकी जरा उभट वाटेल, वाटू दे.

आणि हा २४० बाय १९२ आकडा मी मुद्दाम धरतो, त्याला अजून एक कारण आहे. डीव्हीडीत व्हिडिओ दाबायची पद्धत एमपेग २, तो चित्राला १६ बाय १६ च्या चौकटींत कापून दाबतो. खिडकीची कड अशा एका चौकटीच्या मधूनच गेली की त्या चौकटीत अर्धा हात आणि अर्धी मागची भिंत, दोन्ही सांभाळता सांभाळता कडेला माश्या घोंघावल्यासारखा कचरा दिसतो. २४० म्हणजे १६ गुणिले १५ आणि १९२ म्हणजे १६ गुणिले १२. ती खिडकी डावीकडून ४३२ आणि वरून ३३६ वर ठेवली की तिच्या चारही कडा बरोबर १६ च्या रेघांवर बसतात, आणि उजवीकडं आणि खाली ४८-४८ पिक्सेल मोकळे राहतात. चौकट काढायची ती याच्या आतल्या बाजूनं. हा आकडा सापडला त्या दिवशी मी एकटाच खूश होतो, घरात कुणाला सांगितलं तर म्हणाले जेवायला बसा.

"खिडकी कापली जातेय"

मघाशी मोकळे सोडलेले ४८ पिक्सेल याच्यासाठीच. जुने डबा टीव्ही चित्राच्या कडा खातातच, आणि नवीन सपाट टीव्हीसुद्धा कित्येक वेळा मूळ सेटिंगवर थोड्या कडा खातात. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट असं काहीतरी असतं, पण तुम्ही गावोगावी जाऊन ते बदलणार आहात का? नाही ना, मग खिडकीच आत घ्या. कोपऱ्यात चिकटवलेली खिडकी एडिटिंगच्या मॉनिटरवर लई भारी दिसते आणि विद्यार्थ्याच्या घरी डग्गा अर्धा गायब असतो.

इथंच एक आठवलं. वरून घेतलेला शॉट उलटा येतो, कारण स्टँड समोरून लावलेला असतो. तो १८० अंशात फिरवा, म्हणजे बघणाऱ्याला ते स्वतःचेच हात असल्यासारखे दिसतील, डग्गा डावीकडं, तबला उजवीकडं. मोठ्या चित्रात गुरुजी समोर बसल्यामुळं बाजू उलट्या दिसतात आणि खिडकीत सुलट्या, पहिल्यांदा मला वाटलं लोक गोंधळतील. कोणीही गोंधळलं नाही. उलट शिकणारा फक्त खिडकीच बघतो, मोठं चित्र गुरुजींच्या चेहऱ्यासाठी आणि घरच्यांसाठी.

"खिडकी नको असेल तेव्हा बंद करता आली पाहिजे"

हे गुरुजींच्या जावईबापूंचं मागणं. डीव्हीडीत ते अँगलनं (रिमोटनं बदलता येणारे पर्यायी व्हिडिओ) करता येतं, एका डिस्कवर नऊपर्यंत अँगल चालतात, एक खिडकीसकट आणि एक खिडकीशिवाय. पण दोन्ही व्हिडिओ फ्रेमला फ्रेम सारख्या लांबीचे, आतली जीओपीची (फ्रेमच्या गटांची) रचनापण सारखी, आवाज एकच, बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) जरा खाली, आणि एवढं करून रिमोटवर अँगलचं बटण असायला पाहिजे. स्वस्तातल्या प्लेअरच्या रिमोटवर ते नसतंच. फुकटच्या ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्येपण ही सोय सहसा मिळत नाही. मी दोन वेगळी टायटलं करतो आणि मेनूत दोन बटणं ठेवतो, हातांसह आणि हातांशिवाय. एक तासाचा धडा दोनदा, प्रत्येकी ४.५ एमबीपीएस आणि १९२ चा डॉल्बी आवाज धरला तर साधारण ४.२ जीबी होतात, ४.७ च्या साध्या डिस्कवर बसतं. मधेच बटण दाबून बदलता येत नाही हे खरं, पण क्लासमध्ये बसून कोण बदलतोय.

एकच टायटल असेल तर बिटरेट सरासरी ६ आणि जास्तीत जास्त ८ एमबीपीएस ठेवा. ९.८ पर्यंत चालतं असं पुस्तकात असतं, पण आपण बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तिथं अडखळतात आणि मग परत सकाळी सातला फोन.

ब्लू-रेचं काय?

ब्लू-रेत मात्र खरी खिडकी आहे. तिथं दुसरा व्हिडिओ वेगळा ठेवता येतो आणि प्लेअर तो वर बसवतो. त्याला बोनसव्ह्यू म्हणतात, प्रोफाइल १.१, आणि १ नोव्हेंबर २००७ नंतर बाजारात आलेल्या नवीन प्लेअरना ते बंधनकारक झालं. त्याच्या आधीच्या बहुतेक प्लेअरवर खिडकी येत नाही, डिस्क चालेल पण खिडकी नाही. खिडकीची जागा आणि आकार प्लेलिस्टमध्ये लिहून ठेवायचे असतात, आणि आकार वाटेल तो नाही, मूळ मापाचा, अर्धा, पाव, दीडपट किंवा पूर्ण पडदा, एवढेच पर्याय. टीएसमक्सर नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर दुसरा व्हिडिओ जोडू देतं.

जावईबापू पुण्याला असतात, त्यांच्याकडं ब्लू-रे प्लेअर आहे, म्हणून हौसेनं एक केली. माझ्याकडच्या प्लेअरवर खिडकी आली, त्यांच्याकडं आली नाही. मग कळलं की रिमोटवरचं पीआयपी बटण दाबायला पाहिजे होतं. दाबलं, तर चित्र आलं. दुसऱ्या व्हिडिओबरोबर गुरुजींचं बोलून समजावणंही वेगळ्या ट्रॅकवर टाकलं होतं, ते मात्र ऐकू येईना. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये दुय्यम आवाज मिसळायचा पर्याय असतो, तो बंद असला आणि आवाज कच्चाच बाहेर ॲम्प्लिफायरला जात असला की दुसरा ट्रॅक मिसळतच नाही. हे सगळं फोनवर समजावता समजावता माझा घसा बसला. तेव्हापासून ब्लू-रेतसुद्धा मी खिडकी चित्रातच भाजून टाकतो. १९२० बाय १०८० मध्ये ५१२ बाय २८८ ची खिडकी, डावीकडून १३१२, वरून ७२०, इथंही चारही कडा १६ च्या रेघांवर येतात. ज्याला खरंच चालू-बंद करायचंय आणि ज्याच्या घरचा प्लेअर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय, त्याच्यासाठीच बोनसव्ह्यूच्या नादाला लागा.

शेवटची तपासणी

थेट पन्नास डिस्क काढू नका. रीराइटेबल (पुसून परत लिहिता येणारी) डिस्क एक ठेवा, तिच्यावर काढा, आणि कॉम्प्युटरवर नाही तर साध्या प्लेअरला साध्या टीव्हीवर बघा. काही जुने प्लेअर रीराइटेबल वाचत नाहीत, तिथं एक साधी डिस्क वाया गेली असं धरा, तीस-चाळीस रुपयांचा प्रश्न. सुरुवात, मधे आणि शेवट, तीन ठिकाणी थाप आणि सुळका. शाई गोल आहे का. कडा पूर्ण दिसतायत का. मी यासाठी गुरुजींकडचाच टीव्ही वापरतो, मिरजेला जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, वर चहा मिळतो.

पाचवी डिस्क अशी सगळी तपासून, त्यांच्याच टीव्हीवर दाखवून दिली. गुरुजी मान हलवत बघत होते, तिरकिटाला दाद दिली, पैसे दिले. आणि चार दिवसांनी सकाळी पावणेसातला फोन. "डग्गा परत उशिरा... नाही नाही, यावेळी लवकर पडायलाय. आवाज मागनं येतोय." मी विचारलं, खिडकीतलाच का मोठ्या चित्रातला पण? थोडा वेळ शांतता, मग म्हणाले, "दोन्हीकडं."

दोन्हीकडं म्हटल्यावर मी गादीतून उठलोच नाही. म्हटलं गुरुजी, टीव्हीजवळ नवीन काही ठेवलंय का? नातवानं वाढदिवसाला ब्लूटूथ स्पीकर आणला होता, टीव्हीचा आवाज बारीक येतो म्हणून. बिनतारी आवाजाला पोचायला शे-दीडशे मिलिसेकंद सहज लागतात, म्हणजे तीन-चार फ्रेम. स्पीकरच्या मागं हेडफोनसारखं भोक असेल तर साधी वायर लावायला सांगितली. दुपारी नातवाचा मेसेज आला, वायर लावली काका, आता आजोबा म्हणतायत स्पीकरचा डग्गा घुमतोय, तो तुम्हाला कमी करता येईल का.